महाराष्ट्रात अर्थशास्त्र शिकताना काय करावे आणि पुढे कोठे जावे

बारावीनंतर बी.ए.ला अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना बहुधा एकच कारण सांगितलेले असते, ते म्हणजे हा विषय स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो. हे कारण खोटे नाही, पण त्यावर विसंबून राहिले की तीन वर्षे नोट्स पाठ करण्यात जातात आणि पदवी हातात आल्यावर असे लक्षात येते की अर्थतज्ज्ञ म्हणून ज्या जागा भरल्या जातात, त्यांच्या परीक्षेतले प्रश्नसुद्धा आपल्याला नीट वाचता येत नाहीत. हा दोष त्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीचा नसतो. या विषयाला गणित लागते, आकडेवारी स्वतः हाताळावी लागते आणि काढलेला निष्कर्ष स्वच्छ भाषेत लिहावा लागतो, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते. पुढील मजकूर अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. जे मराठी माध्यमातून आले आहेत, ज्यांचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी हा विषय शिकलेले नाही, त्यांचा विचार मी लिहिताना विशेष केला आहे.

गणित पहिल्याच वर्षी

आपल्याकडे बारावीला गणित नसतानाही बी.ए.ला अर्थशास्त्र घेता येते. ही सोय चांगली आहे, कारण तिच्यामुळे अनेकांना या विषयाचे दार उघडते. परंतु ते दार पदवीपर्यंतच उघडे राहते. पदव्युत्तर शिक्षणाच्या सर्व चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत विकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि सांख्यिकी विचारली जाते, आणि ही तयारी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू करून ती पुरी होत नाही.

ज्यांचे गणित दहावीनंतर सुटले आहे त्यांनी कोणत्याही महागड्या शिकवणीकडे जाण्यापूर्वी बालभारतीची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची गणित व संख्याशास्त्राची पुस्तके घ्यावीत. ती मराठीत मिळतात, बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी विज्ञान शाखेच्या पुस्तकांपेक्षा अधिक जवळची आहेत. बारावीच्या पहिल्या भागात मॅट्रिक्स, विकलन, विकलनाचे उपयोग आणि संकलन येते. दुसऱ्या भागात रेषीय समाश्रयण, म्हणजे ज्याला सर्वजण रिग्रेशन म्हणतात ते, काल श्रेणी, निर्देशांक, रेषीय नियोजन आणि संभाव्यता वितरणे येतात. अर्थमितीचा, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राचा, पाया म्हणून पुढे जे शिकवले जाते त्याची पहिली पायरी या शालेय पुस्तकात आहे, आणि कला शाखेचे फार थोडे विद्यार्थी ते उघडून पाहतात. पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत रोज एक तास दिला आणि प्रत्येक उदाहरण वहीत सोडवले, तर ही पुस्तके पूर्ण होतात. नुसते वाचून गणित येत नाही, हे मी वेगळे सांगायला नको.

गणित शिकताना ते वर्गातल्या अर्थशास्त्राशी लगेच जोडत जावे. ‘सीमांत’ हा शब्द या विषयात शेकडो वेळा येतो: सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती, सीमांत उपभोग प्रवृत्ती. या प्रत्येक ठिकाणी सीमांत म्हणजे विकलज, म्हणजे एक गोष्ट अगदी थोडी वाढवली असता दुसरी किती वाढते याचे माप. एवढे एक समजले की पाठ करण्याच्या पाच-सहा व्याख्यांची एकच व्याख्या होते. सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती समान असतात तेथे नफा महत्तम होतो, हा नियम मग सूत्र म्हणून घोकावा लागत नाही; नफ्याच्या फलनाचे विकलन करून ते शून्याबरोबर लिहिले की तो दोन ओळींत आपोआप मिळतो. उपयोगिता महत्तम करण्याचा प्रश्न लाग्रांजच्या, म्हणजे एखादी अट पाळून महत्तम मूल्य काढण्याच्या, पद्धतीने स्वतः एकदा सोडवून पाहिला, की समवृत्ती वक्राच्या आकृतीतला स्पर्शबिंदू कोठून आला हेही उमगते.

कांद्याच्या बाजारातून विषय शिकावा

अर्थशास्त्रातली संकल्पना समजली की नाही, हे पाहण्याची माझ्या मते एकच कसोटी आहे: ती आपल्या ओळखीच्या बाजारात नेऊन चालवून पाहावी. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला यासाठी कांद्यासारखे दुसरे साधन नाही. लासलगावची बाजार समिती नाशिक जिल्ह्यात आहे, तेथील भाव रोज प्रसिद्ध होतात, आणि या एका पिकात पदवीच्या अभ्यासक्रमाचा बराच मोठा भाग सामावलेला आहे.

मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला असता मागणी किती बदलते याचे माप, घेऊ. कांदा महाग झाला म्हणून घरातली भाजी कांद्याशिवाय होत नाही. थोडा कमी घातला जातो इतकेच. म्हणजे कांद्याची मागणी अलवचिक आहे. समजा, ही लवचिकता ०.२५ आहे. हा आकडा केवळ उदाहरणापुरता गृहीत धरलेला आहे. त्याचा अर्थ असा की बाजारात माल १० टक्के कमी आला, तर तेवढीच मागणी उरावी यासाठी भाव सुमारे ४० टक्के चढावा लागतो. आता हाच हिशेब उलट करावा. सर्वांचेच पीक १० टक्के जास्त आले, तर भाव सुमारे ४० टक्के उतरतो. ज्या शेतकऱ्याला १०० क्विंटल कांद्याचे २,००० रुपये क्विंटल दराने २,००,००० रुपये मिळाले असते, त्याच्याकडे आता ११० क्विंटल माल आहे, पण दर १,२०० रुपये आहे, म्हणून हाती १,३२,००० रुपये येतात. पीक चांगले आले आणि उत्पन्न एक तृतीयांशाने घटले. हे गणित एकदा स्वतः मांडले की सुगीच्या वर्षात शेतकरी अडचणीत का येतो, हा प्रश्न भावनेच्या पातळीवरून विश्लेषणाच्या पातळीवर येतो, आणि त्यामुळे त्याची तीव्रता कमी न होता अधिक स्पष्ट होते.

येथेच पुढचा प्रश्न विचारावा. जास्त पिकवल्याने सर्वांचे नुकसान होत असेल, तर एकटा शेतकरी कमी का पिकवत नाही? कारण त्याच्या एकट्याच्या ११० क्विंटलांनी लासलगावचा भाव हलत नाही. त्याच्या दृष्टीने भाव ठरलेला आहे, आणि ठरलेल्या भावाला जास्त माल म्हणजे जास्त पैसे. पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात एका उत्पादकाचा मागणी वक्र आडवा आणि बाजाराचा उतरता का काढतात, याचे उत्तर हेच आहे. परीक्षेत ही आकृती काढणारे पुष्कळ असतात, पण दोन्ही आकृत्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे सांगता येणारे थोडे असतात.

याच पिकावर अर्थमितीतला सर्वांत कठीण धडाही शिकता येतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवून शुल्क कायम ठेवले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. डिसेंबरमधल्या बंदीनंतर भाव कोसळले. मग भाव बंदीमुळे कोसळले असे म्हणायचे का? मोठा वाटा बंदीचा असेलही. पण डिसेंबर-जानेवारीत खरिपाचा आणि त्यामागोमाग रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, कांदा बाजारात येतो, म्हणजे बंदी नसती तरी भाव काही प्रमाणात उतरलाच असता. शिवाय बंदी कधी आली तेही पाहावे लागते. भाव चढलेले असतात तेव्हाच सरकार हस्तक्षेप करते, आणि चढलेले भाव पुढे उतरण्याकडे कल असतो. म्हणून आधीचा आणि नंतरचा भाव एवढेच ताडून पाहिले तर धोरणाचा परिणाम चुकीचा मोजला जाईल. खरी तुलना झालेल्या भावाची आणि बंदी नसती तर जो भाव राहिला असता त्याची करायची असते, आणि हा दुसरा भाव कधीच कोणाला दिसत नाही. तो अंदाजाने कसा उभा करायचा, हाच अर्थमितीचा गाभा आहे. बंदी नसलेल्या वर्षांत याच महिन्यांत भाव किती उतरतो हे पाहता येईल, किंवा ज्या पिकाची निर्यात होत नाही त्याच्या भावाशी तुलना करता येईल, आणि या प्रत्येक मार्गात काय उणे आहे हेही लिहिता येईल.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एवढा एकच प्रकल्प मन लावून करावा, असा माझा आग्रह आहे. ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची आवक आणि दर मिळतात. गेल्या काही वर्षांची महिनावार आवक आणि सर्वसाधारण दर एक्सेलमध्ये उतरवून घ्यावेत, आलेख काढावा, आणि आठ-दहा पानांत लिहावे की काय दिसते, त्याची कोणकोणती कारणे संभवतात आणि त्यांपैकी कोणते कारण या आकडेवारीवरून सिद्ध करता येत नाही. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याच्या जिल्ह्यात कांदा नाही त्याने ऊस, सोयाबीन, हापूस, मासळी किंवा शहरातले घरभाडे घ्यावे.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही

विद्यापीठाची परीक्षा मराठीत देणे हा कमीपणा नाही, आणि ज्याला मराठीत विचार स्पष्ट मांडता येतो त्याने ती मराठीतच द्यावी. मात्र वाचन पहिल्या वर्षापासून दोन्ही भाषांत असावे, कारण पुढची पुस्तके, शोधनिबंध, सरकारी अहवाल आणि बहुतेक प्रवेश परीक्षा इंग्रजीत आहेत. यासाठी एक वही करावी. तिच्या एका बाजूला मराठी संज्ञा, दुसऱ्या बाजूला तिचा इंग्रजी प्रतिशब्द आणि खाली आपल्या शब्दांत दोन ओळी अर्थ लिहावा: संधी खर्च आणि अपॉर्च्युनिटी कॉस्ट, राजकोषीय तूट आणि फिस्कल डेफिसिट, महसुली तूट आणि रेव्हेन्यू डेफिसिट. सहा महिन्यांत इंग्रजी पान वाचताना होणारी दमछाक पुष्कळ कमी होते.

ही वही करताना मराठी शब्दांकडेही बारकाईने पाहावे, कारण त्यांतले काही आपल्याला फसवतात. इन्फ्लेशनला आपण चलनवाढही म्हणतो आणि भाववाढही म्हणतो. भाववाढ हा शब्द जे घडते त्याचे वर्णन करतो. चलनवाढ हा शब्द ते का घडते याचे एक विशिष्ट उत्तर स्वतःतच गृहीत धरतो. पैशाचा पुरवठा वाढल्याने भाव वाढतात की अन्नधान्याचा पुरवठा आटल्याने, हा तर वादाचा विषय आहे, आणि शब्दाने तो आधीच निकालात काढू नये. रोजच्या बोलण्यातला महागाई हा शब्द आणखी सैल आहे. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भाव वाढतच आहेत, फक्त वाढण्याचा वेग मंदावला आहे. गुंतवणूक या शब्दाचेही तसेच आहे. घरात आपण सोने, प्लॉट किंवा शेअर घेण्याला गुंतवणूक म्हणतो, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गुंतवणूक म्हणजे नवे कारखाने, यंत्रे, रस्ते, घरे, साठे यांची भर. जुना प्लॉट एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर देशाची गुंतवणूक वाढत नाही.

मराठी मुलखाने या विषयात काय काम केले आहे, हेही या काळात जाणून घ्यावे. न्यायमूर्ती रानडे यांनी एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये घडलेले सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, अशी मांडणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकण्यासाठी, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २,२५० उष्मांकांचा आहार परवडण्याइतका खर्च हा निकष धरून देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, जिचा कायदा १९७७ साली झाला आणि जिच्यासाठी व्यवसाय कर लावण्यात आला, ती देशाच्या २००५ सालच्या ग्रामीण रोजगार कायद्याच्या जवळजवळ तीन दशके आधीची आहे. या सर्वांतून अभ्यासाचे प्रश्न आपल्या भोवतीच असतात, असा विश्वास विद्यार्थ्याला येतो.

आकडेवारी कोठे मिळते

राज्याच्या अर्थसंकल्पापूर्वी दरवर्षी अर्थ व सांख्यिकी संचालनालय महाराष्ट्राची आर्थिक पाहणी प्रसिद्ध करते. ती मराठीतही असते. प्रत्येक विद्यार्थ्याने ती उतरवून घ्यावी, आणि निदान आपल्या आवडीचे एक प्रकरण, मग ते शेती असो की सहकार की आरोग्य, तक्त्यांसह वाचावे. देशपातळीवर रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर व्याजदर, पतपुरवठा, विदेशी व्यापार, राज्यांची वित्तव्यवस्था यांच्या दीर्घ मालिका आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आणि २०१७-१८ पासून होत असलेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची कुटुंबवार माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून विनामूल्य मिळते. ती वापरण्यासाठी आर ही मोफत संगणक प्रणाली शिकावी, किंवा पायथन शिकावी; दोन्हींपैकी एक पुरे आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत श्रमशक्ती सर्वेक्षणातून आपल्या राज्यातल्या स्त्रियांच्या श्रमसहभागाचा दर स्वतः काढून तो छापील अहवालातल्या आकड्याशी जुळवून दाखवता आला, तर त्या विद्यार्थ्याकडे असे कौशल्य आहे ज्यासाठी संशोधन संस्था पगार देतात. आकडा जुळणार नाही, असे पहिल्या दोन-तीन वेळा होईल. बहुधा सर्वेक्षणातले गुणक, ज्यांना वेट्स म्हणतात, लावायचे राहिलेले असतात.

पदव्युत्तर शिक्षण

अर्थतज्ज्ञ म्हणून काम करायचे असेल तर एम.ए. किंवा एम.एस्सी. जवळजवळ अनिवार्य आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे चौथे वर्षही करता येते, आणि ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने संशोधनासह ऑनर्सचा पर्याय जरूर पाहावा. मात्र आपल्या महाविद्यालयात त्यासाठी मार्गदर्शक आहेत का, हे आधी विचारावे.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. तिचे ग्रंथालय हे या विषयातल्या देशातल्या जुन्या आणि मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ सालचा, आता तो मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने कलिना परिसरात आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केली. महाराष्ट्राबाहेर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे सध्या सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि काही आयआयटींचे एम.एस्सी. अर्थशास्त्र २०२१ पासून जॅम या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून खुले झाले आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या कोलकाता आणि दिल्ली केंद्रांतला परिमाणात्मक अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम या सर्वांत गणिताच्या दृष्टीने कठीण समजला जातो. तेथे शिक्षण शुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते, आणि ज्याची घरची परिस्थिती बेताची आहे पण गणित पक्के आहे अशा मुलाने किंवा मुलीने ही संस्था डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते. या संस्थेच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिच्याच संकेतस्थळावर मिळतात. इतर कोणतीही परीक्षा द्यायची असली तरी त्या सोडवाव्यात.

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधली एका वर्षाची मास्टर्स पदवी खर्चिक असते. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, पण तेथे प्रवेशासाठी पदवी स्तरावरचे शुद्ध गणित आणि संशोधनाचा अनुभव पाहतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात दरवर्षी पाहावी.

कामे कोणती आणि ती कशी असतात

भारतीय आर्थिक सेवा १९६१ साली सुरू झाली. तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, अर्थशास्त्राची किंवा तत्सम विषयाची पदव्युत्तर पदवी आणि २१ ते ३० वर्षे वय ही मूळ अट आहे, आणि राखीव प्रवर्गांना वयात सवलत मिळते. लेखी परीक्षा १,००० गुणांची, तोंडी २०० गुणांची. लेखीतले ८०० गुण अर्थशास्त्राचे आहेत आणि उत्तरे विस्ताराने लिहायची असतात, त्यामुळे नागरी सेवा परीक्षेची सामान्य अध्ययनाची तयारी येथे फारशी कामाला येत नाही. जागा मोजक्या असतात. निवडलेले अधिकारी केंद्रीय मंत्रालयांत प्रकल्पांचे मूल्यमापन, आकडेवारीचे विश्लेषण आणि धोरणांवरील टिपणे तयार करण्याचे काम करतात. देशाच्या आर्थिक पाहणीच्या कामातही या सेवेचे अधिकारी असतात.

रिझर्व्ह बँकेत आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी अधिकाऱ्यांची स्वतंत्र भरती होते आणि तिलाही अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. २०१६ पासून व्याजदर सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते आणि महागाईचा दर ४ टक्के, कमीअधिक २ टक्के, राखणे हे तिचे उद्दिष्ट आहे. त्या निर्णयामागचे अंदाज आणि अभ्यास अशा विभागांत तयार होतात. शेती व ग्रामीण विकासाची बँक नाबार्ड आणि शेअर बाजाराची नियामक सेबी यांच्याही भरतीवर लक्ष ठेवावे. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयातील संशोधन आणि सांख्यिकी पदांकडे आपल्या विद्यार्थ्यांचे अकारण दुर्लक्ष होते. या कामात जिल्ह्याची माहिती जवळून पाहायला मिळते, आणि मराठी येणाऱ्या उमेदवाराला त्यात सहज वावरता येते.

खासगी क्षेत्रात बँकांचे संशोधन विभाग, क्रिसिलसारख्या पतमानांकन संस्था, सल्लागार कंपन्या आणि विमा कंपन्या अर्थशास्त्राचे पदवीधर घेतात. येथे पदवीचे नाव एकदाच विचारले जाते. त्यानंतर मुलाखतीत एखादी आकडेवारी समोर ठेवून तिच्यातून काय दिसते हे सांगायला लावतात. संशोधन संस्थांत सुरुवात बहुधा संशोधन साहाय्यक म्हणून होते, आणि त्यात प्रश्नावली तयार करणे, गावोगावी पाहणी करवून घेणे, आलेली माहिती तपासणे असे कष्टाचे काम असते. मराठी बोलता येणे, तालुका आणि ग्रामपंचायतीचे कामकाज ठाऊक असणे, सातबारा वाचता येणे ही या कामात मोठी जमेची बाजू ठरते. शहरातल्या नामांकित महाविद्यालयातून आलेल्या मुलांना ते शिकावे लागते.

अध्यापनाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा, लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पात्रता मिळाल्यावरही पूर्णवेळ जागा निघेपर्यंत अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, अपुऱ्या मानधनात शिकवावे लागते. शिकवण्याची खरी ओढ असलेल्यांनी या वाटेला यावेच, कारण चांगल्या शिक्षकांची या विषयाला फार गरज आहे. पण नेटसोबत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे पीएच.डी.च्या वर्षांत उत्पन्नाची सोय राहते, आणि आकडेवारीचे कौशल्य सोडू नये, म्हणजे दुसरा मार्ग खुला राहतो.

अर्ज आणि कागदपत्रे

पदवीच्या शेवटच्या वर्षी वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावे. जॅमचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते; सीयूईटी-पीजीचे अर्ज हिवाळ्यात निघतात; भारतीय सांख्यिकी संस्थेचे अर्ज वसंतात निघून परीक्षा मे महिन्याच्या सुमारास होते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या संस्थेचे संकेतस्थळ दर पंधरा दिवसांनी स्वतः पाहावे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशावर विसंबू नये. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागणार असतील तर त्यांना महिनाभर आधी सांगावे आणि सोबत आपल्या प्रकल्पाची प्रत द्यावी, म्हणजे पत्रात लिहिण्यासारखे काही त्यांच्या हाती राहील.

केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातच लागते. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयासाठी काढलेले राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र तेथे चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हेही वेगळे तपासावे लागते. नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र बहुधा चालू आर्थिक वर्षातले मागतात. त्यामुळे एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात किंवा आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज करावा, कारण जून-जुलैत दहावी-बारावीच्या प्रवेशांची गर्दी सुरू झाली की तेच प्रमाणपत्र हाती यायला कितीतरी अधिक दिवस लागतात.